टाचेवरची तारीख

उज्ज्वला मगदूमच्या डाव्या टाचेवरचा डाग नेमका कधी बिघडला हे कळेपर्यंत त्या घरात कुणी कुणाला दोष दिला नव्हता. दुखणं आलं होतं, आणि दुखणं कुणाच्याही घरी येतं, एवढ्यावर सगळ्यांचं भागत होतं.

उज्ज्वला मिरजेतल्या मुलींच्या शाळेत क्रीडाशिक्षिका होती. वय बावन्न. संध्याकाळी शाळा सुटली की ती आणि नसीम मुजावर मिळून क्रीडा मंडळाच्या मैदानावर खो-खोचा संघ तयार करायच्या. दोघी सातवीपासूनच्या मैत्रिणी, एकाच संघातून राज्यपातळीवर खेळलेल्या. पुढं नसीम उर्दू शाळेत खेळाची बाई झाली, उज्ज्वला इकडं आली, पण संध्याकाळचं मैदान दोघींचं एकच राहिलं. स्पर्धा आता सगळ्या मॅटवर व्हायच्या. या दोघींचा हट्ट मात्र असा, की सराव मातीवर आणि अनवाणीच. टाचा फुटणं, काटे रुतणं, कुरुपं होणं याचं त्यांना कधी काही वाटलं नाही.

२०४१ च्या ऑगस्टमध्ये त्या टाचेतून रक्त यायला लागलं आणि थांबेना. तुकडा तपासायला गेला. मेलॅनोमा निघाला. जांघेत गाठ होती, आणि फुप्फुसांत मोहरीएवढे दोन डाग.

"कातडीचा कॅन्सर? पण तो गोऱ्या लोकांना होतो ना, उन्हानं?" उज्ज्वलाचा नवरा सुकुमार डॉक्टरांना म्हणाला.

"त्यांना उन्हानं होतो," डॉ. प्रियदा केळुसकर म्हणाल्या. "आपल्याकडं होतो तो बहुतेकदा तळपायाला, नखाखाली. जिथं ऊन पोचतच नाही अशा जागी. म्हणून तर कुणाचं लक्ष जात नाही."

सुकुमार वीज वितरणात अभियंता होता. सगळी नोकरी त्यानं बिघाड शोधण्यात घालवली होती. अंधारात बुडालेल्या गावातला नेमका कोणता जोड जळाला हे तो शोधायचा, आणि सापडेपर्यंत त्याला जेवण जात नसे. पण या बिघाडापुढं तो सुन्न झाला. त्या पहिल्या आठवड्यात घर सांभाळलं ते नसीमनं.

तिनं जुन्या संघातल्या सहाजणींना फोन केले. डबा कुणी आणायचा, दवाखान्यात कुणी बसायचं, पुण्याहून लेक यायची असेल तेव्हा स्टेशनवर कुणी जायचं, याचा तक्ता करून तिनं मगदुमांच्या फ्रिजवर चिकटवला. टाचेचा मोठा भाग कापून तिथं मांडीची कातडी लावली गेली. पाय टेकायचा नव्हता. तेव्हा नसीम उज्ज्वलाला पाठुंगळीला घेऊन न्हाणीघरापर्यंत न्यायची.

"आता किती वजन झालंय ग तुझं," ती धापा टाकत म्हणायची. "नववीत तुला घेऊन अख्ख्या मैदानाला फेरी मारली होती मी."

"नववीत तूही कुठं एवढी म्हातारी होतीस?"

सुकुमार भेटायला येणाऱ्यांना सांगायचा, "मला बहीण नाही. पण नसीम आहे."

*

लशीचा विषय ऑक्टोबरात निघाला. उज्ज्वलाच्या गाठीवरून, फक्त तिच्यासाठी म्हणून एक लस तयार व्हायची होती. त्यासाठी आधी गाठीचं वंशवाचन करायला लागणार होतं. डॉक्टरांनी तिघांना, म्हणजे उज्ज्वला, सुकुमार आणि सुट्टी काढून आलेली लेक मृण्मयी यांना समोर बसवून ते समजावून सांगितलं.

"पूर्वी पोथ्या हातानं उतरवून घ्यायचे. उतरवणारा एखादी चूक करायचा. त्या प्रतीवरून जी पुढची प्रत व्हायची, तिच्यात ती चूक यायचीच, वर आणखी एक नवी. अशा शे-दोनशे प्रती तुमच्यासमोर ठेवल्या, तर नुसत्या चुकांवरून सांगता येतं की कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरवली, आणि सगळ्यांची मूळ पोथी कुठली. पेशींचंही असंच आहे. एका पेशीच्या दोन होतात तेव्हा आतला मजकूर उतरवला जातो आणि चुका होतात. आमचं यंत्र गाठीतल्या चाळीस हजार पेशी एकेक करून वाचतं. जी चूक प्रत्येक पेशीत सापडते, ती मुळातली. लस त्या चुकीवर नेम धरते. मग फुप्फुसात गेलेली पेशी असो नाहीतर जांघेतली, कुणाला लपता येत नाही. कारण ती जन्मखूण घेऊनच सगळा वंश वाढलेला असतो."

"आणि हे कधी सुरू झालं तेही कळतं?" सुकुमारनं विचारलं. त्यानं कुठंतरी वाचलं होतं.

डॉक्टरांनी मान डोलावली. "कळतं. पेशीतल्या मजकुरावर काही रासायनिक खुणा असतात. त्या ठरावीक गतीनं लागतात आणि पुसल्या जातात, घड्याळासारख्या. ते घड्याळ लावून घ्यायला एखादी पक्की तारीख लागते. मोठा ताप, बाळंतपण असं काही झालं की सगळ्या शरीरातल्या पेशींवर त्याचा एकदम ठसा उठतो. तुम्हाला डेंग्यू झालेला ना?"

"एकोणचाळीसच्या जुलैमध्ये," उज्ज्वला म्हणाली.

"मग तो आमचा मैलाचा दगड. तिथून मोजलं की दोन-तीन आठवड्यांच्या फरकानं तारीख सांगता येते. पहिली पेशी कधी बिघडली आणि टाच सोडून जांघेत कधी गेली, दोन्ही." त्यांनी एक कागद पुढं सरकवला. "पण लशीसाठी तुम्हाला तारखा कळायची काही गरज नाही. हे पान हवं की नको, ते इथं लिहून द्यायचं. बरीच घरं नको म्हणतात."

"नको कशाला?" सुकुमार म्हणाला. "माहिती असणं कधी वाईट नसतं."

डॉक्टरांनी उज्ज्वलाकडं पाहिलं. "पेशंट तुम्ही आहात."

उज्ज्वलानं पेन उचललं आणि परत खाली ठेवलं. तरी ती म्हणाली, "असू दे की. त्यांना हवंय तर असू दे." आणि सही केली. पुढं कितीतरी दिवस तिला त्या सहीची आठवण यायची. नको म्हणायला एक शब्द पुरला असता. पण नको म्हटलं असतं तर सुकुमारनं का म्हणून विचारलं असतं.

*

अहवाल आला. शेवटच्या पानावर दोन ओळी होत्या. पहिली पेशी बिघडली ती २०३९ च्या ऑगस्टअखेरीस. तिचा वंश टाचेतून जांघेत गेला तो २०४० च्या मार्चअखेरीस.

सुकुमारनं ते पान जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि दोन्ही तारखांमधले महिने बोटांवर मोजले.

"सात महिने," तो म्हणाला. "सात महिने तो टाचेतच होता. त्या सात महिन्यांत कुणी नुसता कापून टाकला असता तर संपलं होतं."

"बाबा, आता त्याचा काय उपयोग?" मृण्मयी म्हणाली खरी, पण तिचेही डोळे त्या ओळींवरून हलत नव्हते.

"मी कुठं होतो त्या सात महिन्यांत? मी का नाही बघितलं?"

उज्ज्वला म्हणाली, "बायकोच्या टाचा कोण बघत बसतं?"

तिला वाटलं तेवढ्यावर मिटेल. पण सुकुमारला जळालेला जोड सापडल्याशिवाय जेवण जात नाही. दोन दिवसांनी त्यानं फोनला सांगितलं, की ऑगस्ट एकोणचाळीस ते मार्च चाळीस या काळातल्या घरातल्या, मैदानावरच्या, मंडळाच्या गटावर आलेल्या सगळ्या छायाचित्रांतून उज्ज्वलाचा तळपाय दिसेल ती वेगळी काढ. अकरा हजारांवर छायाचित्रं होती. फोनला दोन मिनिटं लागली, आणि त्यानं एक काढून दिलं.

मैदानाच्या कडेला उज्ज्वला मातीत बसली आहे. डावा पाय नसीमच्या मांडीवर. नसीम हातात सुई घेऊन वाकली आहे, काटा काढत असावी. टाच कॅमेऱ्याकडं आहे. सुकुमारनं ती मोठी करून पाहिली. टाचेवर वाटाण्याएवढा काळा डाग होता, कडा विस्कटलेल्या. तारीख पाच डिसेंबर २०३९.

त्याच दिवशी पाचच्या सुमारास नसीम डबा घेऊन आली. मगदुमांच्या जैन घरी चालेल अशी, कांदा-लसूण न घातलेली आमटी तिनं वेगळ्या पातेल्यात केली होती. ती ओट्यावर डबा ठेवते न ठेवते तोच सुकुमारनं तिला हाक मारली आणि फोन तिच्यापुढं धरला.

"हा डाग तू पाहिला होतास?"

नसीमनं चष्मा वर सरकवून बघितलं. "हो, पाहिला होता भावोजी. काटा काढताना."

"पाहिला होतास. आणि काय म्हणालीस तिला?"

नसीमनं उज्ज्वलाकडं पाहिलं.

इथं, खरं काय घडलं होतं ते सांगायला हवं. पाच डिसेंबरला काटा निघाला तरी नसीमनं पाय सोडला नव्हता. "उज्जू, हे कुरूप नाही ग," ती म्हणाली होती. "कुरूप पांढरं असतंय. हे काळं आहे, आणि कडा बघ, शाई सांडल्यागत. डॉक्टरला दाखव." उज्ज्वला हसली होती. राज्य स्पर्धा अठरा दिवसांवर आली होती. नसीमनं तिथंच उभं राहून स्टेशनजवळच्या त्वचारोगतज्ज्ञाकडं फोन लावला आणि गुरुवारी साडेचारची वेळ घेतली. गुरुवारी नसीमला आईला घेऊन दवाखान्यात जायचं होतं, म्हणून उज्ज्वला एकटी जाणार होती. पण त्या दुपारी संघातल्या एका मुलीचा पाय मुरगळला. तिच्या जागी कुणाला घ्यायचं ते ठरवायचं होतं. उज्ज्वला मैदानावरच राहिली. संध्याकाळी नसीमचा फोन आला. "गेली होतीस का?" उज्ज्वलाला तिची बोलणी ऐकायची नव्हती. "हो," ती म्हणाली. "कुरूपच आहे म्हणाले. पट्टी दिलीय लावायला." स्पर्धा झाली की जाऊ, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. स्पर्धेत संघ उपांत्य फेरीत हरला. मग परीक्षा आल्या, मग उन्हाळी शिबिर आलं, आणि डाग दुखत नव्हता.

आता नसीमनं उज्ज्वलाकडं पाहिलं ते सहजच. तूच सांग की, डॉक्टरांनी काय सांगितलं होतं ते, अशा नजरेनं. उज्ज्वलाची मान खाली होती. दोन्ही हात मांडीवरच्या चादरीची घडी करत होते, मोडत होते.

नसीमला समजलं. डॉक्टरांनी खरंच पाहिलं असतं, तर उज्ज्वलानं आत्ता मान वर केली असती. ती गेलीच नव्हती. आणि ती ते सांगणारही नव्हती.

स्वयंपाकघरात कुकर फुसफुसत शिट्टीला आला होता. शिट्टी झाली.

"कुरूप असेल, असं म्हणाले मी," नसीम म्हणाली.

"कुरूप!" सुकुमारचा आवाज चढला. "वीस वर्षं पोरींचे पाय बघतेस आणि तुला हे कुरूप वाटलं? अग, एकदा नेलं असतंस डॉक्टरकडं, एकदा!"

"चुकलं माझं," नसीम म्हणाली. तिनं पिशवी उचलली. दारात उज्ज्वलाकडं बघून ती म्हणाली, "आमटी गरम करून खा." आणि गेली.

*

उज्ज्वला बोलणार होती. त्या रात्री जेवताना बोलणार होती, दुसऱ्या दिवशी मृण्मयी पुण्याला जायच्या आधी बोलणार होती. तिच्या मनात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा यायची. आपण कदाचित जगणार नाही. मग लेकीच्या मनात आपण काय म्हणून उरायचं? एका स्पर्धेसाठी जिनं जीव घालवला आणि वर खोटं बोलली, ती मूर्ख बाई म्हणून? त्यापेक्षा आपल्याला कुणी वेळेवर सांगितलं नाही, हे बरं दिसत होतं. त्यात दया होती. आणि तिला त्या दिवसांत दयेची फार गरज होती.

लशीचे नऊ डोस होते, दर तीन आठवड्यांनी एक. पहिल्याला नसीम तक्त्याप्रमाणं दवाखान्यात येऊन बसली. उज्ज्वलाला हुडहुडी भरली तेव्हा तिनं तिच्या हातांचे तळवे चोळले. दोघींत नजरभेट झाली नाही. दुसऱ्या डोसाच्या आदल्या दिवशी ती डबा घेऊन आली तेव्हा सुकुमार दारातच उभा होता.

"तू आता येत जाऊ नकोस," तो म्हणाला. "तुला बघितलं की तिला त्रास होतो. रात्रभर झोपत नाही ती."

हे खरंच होतं. आतल्या खोलीत पलंगावर उज्ज्वलाला प्रत्येक शब्द ऐकू आला. तिनं हाक मारली नाही. डबा फरशीवर ठेवल्याचा आवाज झाला आणि पायऱ्या उतरणारी पावलं ऐकू आली.

सुकुमारनं तक्त्यावरचं नसीमचं नाव खोडलं. जुन्या संघातली चारुशीला आणि बाकीच्या विचारायला लागल्या तेव्हा त्यानं त्यांना छायाचित्र दाखवलं, तारीख दाखवली. यंत्रानं काढलेली तारीख होती, तिच्यापुढं कोण काय बोलणार? त्या बायका वाईट नव्हत्या. त्या डबे आणत राहिल्या, पाय चेपत राहिल्या, केस गळणार नाहीत म्हणून धीर देत राहिल्या. फक्त नसीमबद्दल बोलताना त्यांचे आवाज खाली जायला लागले. पुढं ते मैदानापर्यंत गेलं. मंडळातल्या एका मुलीची आई म्हणाली म्हणे, की त्या मुजावर बाईंना काही कळत नाही, पोरीला लागलं तर आमच्याकडं पाठवा.

सहाव्या डोसाच्या दिवशी उज्ज्वलाच्या फोनवर निरोप आला. "आज सहावा ना? ताप आला तर कपाळापेक्षा तळपायावर ओलं फडकं ठेव. उतरतो." उज्ज्वलानं उत्तर लिहिलं. "नसीम, मी त्यांना सांगते सगळं." पुसलं. "नसीम, माफ कर." तेही पुसलं. शेवटी तिनं नुसतं "हो" पाठवलं. त्यानंतर निरोप आला नाही.

*

मेमध्ये शेवटची तपासणी झाली. डॉ. केळुसकरांनी पडद्यावर फुप्फुसं दाखवली. मोहरीएवढे डाग जिथं होते तिथं काही नव्हतं.

"पाच वर्षं तुम्ही येत राहायचं," त्या म्हणाल्या. "पण आज तुम्हाला आजार नाही, असं मी म्हणू शकते."

सुकुमार तिथंच खुर्चीत रडला. घरी जाताना गाडीत तो एकसारखा बोलत होता. मृण्मयीला सांगितलं, चारुशीलाला सांगितलं, शिखरजीच्या यात्रेला जायचं ठरवलं. आणि मग, मन हलकं झालेला माणूस बोलतो तसं सहज म्हणाला, "देवानंच वाचवलं तुला. नाहीतर नसीमनं काही बाकी ठेवलं नव्हतं."

"गाडी थांबवा," उज्ज्वला म्हणाली.

त्याला वाटलं तिला मळमळतंय. त्यानं रस्त्याच्या कडेला, एका द्राक्षबागेच्या कुंपणापाशी गाडी घेतली. तिथं उज्ज्वलानं त्याला सगळं सांगितलं. काटा, गुरुवारची वेळ, मुरगळलेला पाय, संध्याकाळचा फोन. काही सोडलं नाही.

सुकुमारनं स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

"तू समोर बसली होतीस," तो म्हणाला. "मी तिला बोलत होतो आणि तू समोर बसली होतीस."

"हो."

"दारातनं परत घालवलं मी तिला. तिच्या हातात तुझा डबा होता."

"हो."

"आणि ती... ती का नाही बोलली? एक वाक्य बोलायचं होतं."

त्यानं गाडी सुरू केली. घरी पोचल्यावर मृण्मयीला तिनं स्वतःच फोन केला. लेक ऐकत राहिली, मग म्हणाली, "आई, आम्ही चिडलो असतो ग. एक दिवस, दोन दिवस. तुला कॅन्सर झाला होता, किती दिवस चिडणार होतो?"

हे उज्ज्वलाला इतक्या महिन्यांत एकदाही सुचलं नव्हतं. आपल्या गुन्ह्याच्या ज्या शिक्षेला ती एवढी भीत होती, ती फार तर दोन दिवसांची होती.

नसीम मिरजेत नव्हती. चारुशीलाकडून कळलं, की फेब्रुवारीतच स्वेच्छानिवृत्ती घेऊन ती विजापूरला मुलाकडं राहायला गेली. त्या आधी महिनाभर ती मैदानावरही येत नव्हती.

*

पुढच्या रविवारी दोघं विजापूरला गेली. उज्ज्वला आता काठी घेऊन चालायची. डावी टाच टेकली की कातडी ओढल्यासारखी वाटायची. सुकुमार गाडीतच थांबला. "आधी तू बोल," तो म्हणाला. "मला तोंड नाही."

दार नसीमनंच उघडलं. ती थोडी वाळली होती. तिनं आधी काठीकडं पाहिलं, मग पायाकडं.

"चालायला लागलीस," ती म्हणाली. "चांगलं झालं. चारूनं सांगितलं मला, साफ निघालं म्हणून. ये, बस."

उज्ज्वला बसली नाही. "मी सांगितलं त्यांना. सगळं सांगितलं. मृण्मयीला, चारूला, सगळ्यांना."

"बरं केलंस."

"नसीम, तू का नाही बोललीस ग त्या दिवशी?"

नसीम समोरच्या खुर्चीत बसली. "तुझ्यासाठी गप्प बसले, असं समजू नकोस," ती म्हणाली. "एवढी मोठी नाही मी. मला वाटलं, आता ही बोलंल. कुकरची शिट्टी व्हायच्या आत बोलंल. मग वाटलं, मी गेल्यावर बोलंल. मग पहिल्या डोसाला वाटलं. भावोजी दारात उभे होते तेव्हा तर मला वाटलं, आतनं तुझी हाक येणारच. मी थांबले होते थोडा वेळ. डबा ठेवायला काय वेळ लागतोय?"

उज्ज्वला आता खाली बसली.

"मग म्हटलं, तुझ्यात ताकद नाही आत्ता. औषध चालू आहे. झाल्यावर बोलंल. आणि खरंच झाल्यावर बोललीस. मी खोटं म्हणत नाही. पण उज्जू, मधे सहा-सात महिने गेले." नसीमनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "बोलणी खाल्ली त्याचं काही नाही. पण रोज रोज ऐकलं की माणसाला खरं वाटायला लागतंय. मला वाटायला लागलं, मीच का नाही नेलं हिला हाताला धरून? आईचा दवाखाना दुसऱ्या दिवशी केला असता. मैदानावर गेले की पोरींचे पाय दिसायचे. कुणाच्या पायाला जरा काळं दिसलं की खेळ थांबवून बघायचे मी. एकीला चिखल लागलेला, तर मी तिला दवाखान्यात पाठवलं. पोरी हसल्या. मग मी जायचंच सोडलं."

"चूक माझी होती. तुझी कधीच नव्हती."

"आता कळतंय की मला. कळून काय करू?" ती रागानं बोलत नव्हती, आणि तेच उज्ज्वलाला सोसवत नव्हतं. "भावोजी कुठं आहेत?"

"गाडीत. त्यांना तुझी माफी मागायचीय."

"एवढ्या उन्हात? बोलव त्यांना आत."

सुकुमार आला. तो वाकायला लागला तर नसीमनं त्याला दंडाला धरून खुर्चीत बसवलं. तो जे बोलला ते अर्धंमुर्धं होतं, नसीमनं ते पुरतं ऐकलं आणि म्हणाली, "तुम्ही कागद बघून बोललात. कागदावर तेवढंच होतं." मग तिनं चहा केला, सुनेनं पोहे आणले, नसीमनं सुकुमारच्या गुडघेदुखीची चौकशी केली, मृण्मयीच्या नोकरीची केली. सगळं रीतसर झालं.

उज्ज्वलानं निघताना विचारलं, "मिरजेला ये की. मैदान मोकळंच आहे. मला धावता येत नाही आता, मी खुर्ची टाकून बसेन. तू शिकव."

नसीमनं मान हलवली. नाही म्हणाली की बघू म्हणाली, ते कळलं नाही. ती दोघांना गाडीपर्यंत सोडायला आली. गाडी वळली तेव्हा ती फाटकात उभी राहून हात वर करून म्हणाली, "या पुन्हा."

मिरजेच्या वाटेवर सुकुमार दोन-तीनदा म्हणाला, "चांगली बोलली ग. मोठ्या मनाची बाई." उज्ज्वला खिडकीतून बाहेर बघत होती. चाळीस वर्षांत नसीम तिला कधी "या" म्हणाली नव्हती. "ये" म्हणायची, कितीदा तर तेही नाही, "मर तिकडं" म्हणायची. आता ती "या" म्हणाली. समोर दोघं होती, नवरा बरोबर होता. दोघांना कुणीही "या" असंच म्हणेल. तसंच असेल, उज्ज्वलानं स्वतःला सांगितलं. अथणी मागं पडली, म्हैसाळचा पूल आला, तरी तिचं ठरत नव्हतं, तो शब्द दोघांना मिळून होता की तिला एकटीला.